न ओवलेला ताणा

तलावाकाठच्या त्या गावात जुन्या कापडगिरणीचे आता संग्रहालय झाले आहे. तेथील हातमागासमोर एक वृद्ध विणकर रखवालदाराशी बोलत होते, ते माझ्या कानावर पडले.

"ताण्याचे हे उभे धागे फणीतून ओवलेलेच नाहीत, नुसते वरून पसरलेत. यावर बोटभर कापड निघायचं नाही. ही भोवतीची दोरी बाजूला करा, मी ओवून देतो."

"ओ काका, हात लावायचा नाही. साहेबांची ऑर्डर आहे."

"उद्या माझ्या नातीचा वर्ग येणार आहे इथं. आजोबा असंच विणायचे, असं वाटेल तिला."

"बघणाऱ्याला काय कळतंय त्यातलं? फोटो काढा की, झकास येतोय."

मला संताप आला. मागावर दिव्यांचे झोत सोडले, भोवती दोरी बांधली, पहारा बसवला. पण ज्यांचे आयुष्य मागावर गेले त्यांना साधे विचारलेही नाही. ज्या मागाने गावाचे पोट भरले, तो गावानेच चुकीचा मांडावा आणि चूक दाखवणाऱ्यालाच दूर उभे करावे, याला वारसा जपणे कसे म्हणावे?

वृद्ध विणकरांनी मागासमोर काढून ठेवलेल्या चपला पायांत सरकवल्या.

"मग उद्या मीही येतो. इथं उभं राहून पोरांना खरं सांगायला तरी ऑर्डर लागत नाही ना?"