लढाई संपल्याचा हुकूम

"हुकूम आला का गं?" सकाळी मी चहा घिऊन गेले की आत्या आदी ह्येच इचारायच्या. मी म्हनायची, "न्हाई आला." मग म्हनायच्या, "ऱ्हाऊ दे मग कागद," आन बशीतला चहा फुर्रर्र करून वढायच्या.

आत्या म्हंजी माझ्या सासऱ्यांची आत्या. मुळशीच्या धरनावर राजांचा बंगला हाय, आत्यांचा बाप तितला राखनदार. मोठ्या लढाईत राजांनी राणीसाहेबांना आन लेकरांना राजवाड्यातनं हितं धाडलं, वरनं इमानांस्नी उजेड दिसू नये म्हनून समद्या काचांना काळा कागद चिकटवला. आत्या तवा सा वर्साच्या. लढाई सरायच्या आदीच राणीसाहेब माघारी गेल्या. जाताना म्हनल्या, आमचा हुकूम येईस्तवर कागद काढू नका.

हुकूम काय आला न्हाई. राज्य गेलं, राजवाड्याचं हाटेल झालं, बंगला पुन्याच्या मालकानं घेतला. बाप गेला, आत्या राखनदार झाल्या. कागद फाटला की कनकीची खळ करायच्या, नवा चिकटवायच्या. समदं गाव हसायचं, तुमीबी हसला असता.

एकदा राजांचा नातू गाडी घिऊन बंगला बगाया आला. आत्यांनी पदर सावरला, मुजरा केला. "सरकार, कागद काढू का?"

"कुठला कागद, आजी?"

आत्या माझ्या कानाशी आल्या. "ह्यास्नी कायबी ठावं न्हाई. ह्यांचा हुकूम चालनार न्हाई."

मी मुलखाची भित्री, पाल दिसली तरी वरडते. आत्या म्हनायच्या, "हिला लढाईवर धाडा, दुश्मन हसून मरंल."

पौषात माझं पोरगं झालं. आमी बंगल्याच्या मागल्या खोलीत ऱ्हातो. आठव्या दिशी नर्सबाई आली, म्हनली, अंग पिवळं पडलंय, सकाळचं कवळं ऊन दाखव, पर वाऱ्यात न्हिऊ नको, खिडकीपाशी निजव, आन दोन दिसात उतरलं न्हाई तर दवाखान्यात आन. खोलीला उगवतीची खिडकी एकच, आन तीबी काळी. मी पोराकडं बगायची, कागदाकडं बगायची, ऐंशी वर्सं जपलेला कागद, आत्यांना सांगू तरी कसं?

दुसऱ्या सकाळी आत्याच आल्या, "हुकूम आला का गं?" आन मला रडूच फुटलं, एका दमात समदं बोलून गेले.

आत्यांनी पोराच्या हनुवटीला बोट लावून तोंड निरखलं. मग स्टूल वढलं, वर चढल्या, कागदाच्या कडंला नख घातलं.

मीच घाबरले. "आत्या, राणीसाहेबांचा हुकूम?"

"राणीसाहेबांनी लेकरांपायी लावला हुता. मी लेकरापायीच काढतीया. आन हुकूम म्हनशील, तर ह्ये काय राजं निजलंय हितं."

टर्रकन कागद निघाला, ऊन पोराच्या अंगावर पडलं, आन त्येनं शिंक दिली.

आत्या म्हनल्या, "घ्या, तोफ उडाली!"

पोराचं पिवळंपन दोन दिसात उतरलं. आत्या मिरगाच्या आदी गेल्या.

बाकीच्या खिडक्या अजून काळ्याच हायेत. परवा मालक म्हनले, "खरवडून टाका ते, रंग द्यायचाय."

मालकाम्होरं माझी मान वर व्हत न्हाई. पोराला कडंवर घट्ट धरलं, आन म्हनले, "न्हाई जी. हुकूम न्हाई आला."