कोपरा कापलेलं कार्ड

माझ्या कुंतावहिनीला अक्षरओळख नव्हती, पण ती कार्डं जमवायची. माझा भाऊ मनसाराम परासियाकडे कोळशाच्या खाणीत होता. महिन्याला त्याचं एक कार्ड यायचं. चौथी शिकलेली मी ते वाचायचे, मग वहिनी ते डब्यात ठेवायची आणि तिकिटावरून कार्ड ओळखायची. "हे मूर्तीवालं. हे आलं तवा तलावात मोठी मरळ गावली होती."

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात टपाल घनश्याम मास्तरच्या घरी उतरायचं. मास्तरलाही तिकिटांचा शौक. तो ती वहीत चिकटवायचा आणि खाली हकीकत लिहायचा, कुठलं मंदिर, कुठलं धरण. शौकाला माझी ना नाही. पण छप्पन साली पोळ्याआधी भावाचं कार्ड आलं, त्यावर मोटेच्या बैलांचं नवं तिकीट. या शहाण्याने कात्री घेतली आणि तिकिटासकट कार्डाचा कोपराच कापला!

कोपरा गेलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. आमच्यात ते घरात घेत नाहीत, बाहेरच फाडतात. इस्तारी डाकवाल्याने ते अंगणात ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला. आईने हंबरडा फोडला.

"थांबा, मले वाचू द्या," मी म्हटलं.

"वाचून का वापस येते तो?" मनकर्णाकाकू ओरडली आणि तिने कार्डाचे तुकडे केले.

मी ते तुकडे उचलूनही पाहिले नाहीत. मास्तरपेक्षा मला माझीच चीड जास्त येते. त्याच दिवशी बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. भावाचे कपडे आणि कार्डांचा डबा तलावात सोडला.

सतराव्या दिवशी भाऊ ट्रंक घेऊन अंगणात उभा राहिला. वहिनीकडे बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी खुशाल हाओ, पोळ्याले येतो, असं लिवलं होतं ना मी!"

ज्यांनी बांगड्या फोडल्या त्याच नव्या घेऊन धावल्या. वहिनीने एकीलाही हात लावू दिला नाही. मोकळ्या कपाळाने ती तडक मास्तरकडे गेली, मी मागोमाग. मास्तरने घाबरून वहीच पुढे केली.

"चुकलं, कुंताबाई. हे घ्या तुमचं तिकीट."

"तिकीट ठेवा तुमच्यापाशी. कार्ड तुमच्या हातात होतं. त्याच्यावर का लिवलं होतं, थे सांगा."

मास्तरने वहीत पाहिलं. बैलांची, मोटेची हकीकत त्याच्या वहीत सुरेख अक्षरात लिहिलेली होती.

"मी तिकिटाचीच बाजू पाहिली, बाई. मजकूर वाचलाच नाही."

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. वहिनी मात्र वळली. घरी आल्यावर तिने माझी जुनी पाटी शोधून माझ्यासमोर आपटली.

"गोकुळा, मले अक्षर शिकव. तुह्या वाचण्यावर आता माहा भरवसा नाई."