डब्याची जागा

मला आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं. बाकी काही नाही. बंगला नको, स्लॅब नको, फरशी नको. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि ती सगळी वर्षं मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर झोपत होते. स्वयंपाकघर सोडलं तर घरात खोल्या तीन. एक आईची आणि देवांची, एक भावाची आणि भावजयीची, आणि पुढची येणाऱ्या-जाणाऱ्याची, म्हणजे माझी. कुरकुंभच्या कंपनीतून पाय ओढत यावं, जरा पाठ टेकवावी, की कुणीतरी चपला काढता काढता विचारणारच, "झोपलीस व्हय गं?" आता डोळे मिटून आडवी पडलेली बाई दुसरं काय करत असते? पण उठायचं, हसायचं आणि चहाला लागायचं.

आमची वस्ती कासुर्डीच्या शिवारात, हायवेपासून आत, चहूबाजूंनी ऊस. वेगळी खोली बांधते म्हटलं तर भाऊ हात जोडायचा. तो माझ्याहून धाकटा, मनानं वाईट नाही, पण भाऊबंदांच्या तोंडाला फार भितो. "अक्का, बांधकाम नगं," तो म्हणायचा. "बांधकाम झालं की लोक म्हणत्यात वाटणी झाली." मग एकदा कंपनीच्या बसमधून येताना हायवेच्या कडेला जुना कंटेनर दिसला. त्याला खिडकी पाडलेली, बाहेर कपडे वाळत घातलेले. माझ्या डोक्यात खूळ शिरलं ते तिथंच. घरी येऊन सांगितलं, तर भाऊ लगेच कबूल झाला. म्हणाला, "डबा का, ठिव की. ठिवला तर ठिवला, उचलला तर उचलला." त्याला तो उचलता येतो म्हणून आवडला, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचसाठी आवडला होता.

जागा मी निवडली. रस्त्याकडचा कोपरा, उसाच्या पलीकडं, घरापासून जितका लांब जाता येईल तितका. घराकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा चहा झाला, काही दिसायला नको.

शिक्रापूरच्या पुढं जुन्या कंटेनरचं एक यार्ड आहे, तिथून डबा ठरवला. यार्डवाल्यानं फोनवर जे काही सांगितलं त्यानं माझी झोपच उडाली. डबा चार कोपऱ्यांवर बसतो, पोटावर बसत नाही. एक कोपरा खाली गेला की चौकट पिळवटते आणि दार उघडायचं बंद होतं. वरून वायर नको. ट्रेलर वळायला जागा पाहिजे. आणि काळी माती असेल तर मॅडम, मुरूम टाकल्याशिवाय गाडी आत घालणार नाही, आधीच सांगतो. आमच्या रानात काळ्या मातीशिवाय आहे काय?

मग मी हात धुऊन भावाच्या मागं लागले. जेसीबी आणून वरची माती काढली, मुरूम टाकला, त्यावर पाणी मारून रोलर फिरवला. चार कोपऱ्यांना सिमेंटचे ठोकळे बसवले. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून मी स्वतः लेव्हल बघितली. सकाळी बघितली, कंपनीतून आल्यावर बघितली, सुट्टीच्या दिवशी तर तिथून हललेच नाही. विहिरीवरच्या मोटारीची वायर खाली लोंबत होती, ती भावानं बेचकीचा बांबू लावून उचलून धरली. मी परत जाऊन त्या बांबूला हात लावून बघायची. भाऊ वैतागला. "अक्का, तुझ्या पायाला भिंगरी लागलीया का? जागा कुठं पळून चाललीया?" पण मला वाटायचं, पळून जाईल. काहीतरी होईल आणि ऐनवेळी सगळं फिसकटेल, आणि मी पुन्हा त्या टीव्हीसमोर.

त्यात भावजयीनं नेमकं त्याच दिवसांत अंगण काढलं. भावजय कमी बोलणारी, खाली मान घालून कामाचा डोंगर उपसणारी. मी चालले म्हणून तिला मनातून बरंच वाटत असणार, असं मी धरून चालले होते. नणंद घरातून जाते म्हटल्यावर कुठल्या भावजयीला वाईट वाटेल? पण मला इकडं माणूसबळ हवं असताना ही भावाला सरपणाची रास हलवायला लावत होती. शेळ्यांचा खुंटा उपटून मागं नेला. कपड्यांची तार सोडली. जुन्या न्हाणीचे मोठे दगड भिंतीशी आणून ठेवले. मी म्हणाले, "अगं, दिवाळी होऊन किती दिवस झाले, आता कसली साफसफाई?" तर म्हणाली, "असूं द्या, पापड वाळवायला लागंल." आणि भांडी घासता घासता मध्येच विचारलं, "ताई, जमीन वली असली तर वो? डबा बसतुया का?" मी तिच्यावर खेकसले. "बाई गं, भरल्या कामात नको ते बोलू नकोस."

पाण्याचं तेवढं मी भावाला बजावून ठेवलं होतं. कोपऱ्याला लागूनच ऊस, आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. आमच्याकडं सगळ्यांच्या मोटारींना ऑटो असतं. ते टाकून ठेवलं की लाईट येईल तेव्हा मोटार आपोआप चालू, कुणी विहिरीवर जायची गरज नाही. डबा यायच्या आदल्या दिवशी भावानं माझ्यासमोर ऑटो बंद केलं. संध्याकाळी मी पुन्हा जाऊन बघून आले. बंदच होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच भावाला घेऊन हायवेला जाऊन उभी राहिले, ट्रेलरला रस्ता दाखवायला. यार्डवाला सकाळी सकाळी येतो म्हणाला होता. चांगलं ऊन चढलं तरी पत्ता नाही. फोन केला की "बस, पोहोचतोच." कासुर्डी फाट्यावर उभ्या बाईला सगळे ओळखीचे भेटतात आणि सगळे विचारतात, "इथं काय करतीस?" मी सगळ्यांना सांगितलं, डबा येतोय माझा. सांगताना इतकी खूष होते की विचारू नका.

शेवटी तो आला. निळा, कडेला गंज, आणि माझा. मागून उचलायची क्रेन, तिला इकडं सगळे हायड्रा म्हणतात. मी भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून पुढं, ते दोघं मागून. आमच्या वाटेला वळलो तर लांबूनच मोटारीचा आवाज.

कोपऱ्यावर जाऊन बघते तर बांध फुटलेला, उसातलं पाणी थेट माझ्या मुरमावर. चार ठोकळ्यांपैकी दोन दिसत होते, दोन गढुळ पाण्यात. भाऊ विहिरीकडं पळाला आणि मोटार बंद करून आला. ऑटो टाकलेलं होतं म्हणाला.

मग मी जे तोंड सोडलं! रस्त्यावरची माणसं थांबली. "निघायच्या आधी तूच टाकलंस! तोंडानं हो म्हणायचं आणि पाठीमागं हे धंदे! सरळ सांगायचं होतंस ना, बहीण नको म्हणून!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईची शपथ अक्का, मी बंद केलं व्हतं. तू सोता बघितलंस की." बघितलं होतं, म्हणून तर जास्त आग होत होती. मला कुणीतरी हवं होतं तुटून पडायला, आणि तो समोर होता.

हायड्रावाल्यानं पुढचं चाक कडेला घालून बघितलं. ते पुरणपोळीत बोट जावं तसं आत गेलं. मागं घेऊन तो खाली उतरला आणि म्हणाला, "मॅडम, इधर नहीं होगा." मी म्हणाले, दोन तास थांबा. तो म्हणाला, दोन तासांनी काय, दोन आठवड्यांनी बघा. त्याला दुपारी दुसरीकडं जायचं होतं, ट्रेलरला परतीचा माल होता. डबा कुठंतरी उतरवा नाहीतर परत नेतो. परत नेला की पुन्हा कधी येईल आणि येईल का, देव जाणे.

"अंगणात," भाऊ हळूच म्हणाला. "अंगण टणक हाय. आठ दिवस ऱ्हाऊ दे तिथं. वाळलं की उचलू."

मी नाही म्हणाले. चारदा नाही म्हणाले. मग ट्रेलरवाल्यानं इंजिन चालू केलं आणि मी हो म्हणाले.

घराच्या वाटेनं ट्रेलर आत आला तेव्हा अंगण मोकळं होतं. ना सरपण, ना शेळ्या, ना तार. वर वायर नाही. शेणानं सारवून सारवून दगडासारखी झालेली जमीन. न्हाणीचे दगड भिंतीशी तयारच होते, भावानं ते चार कोपऱ्यांना सरकवले. भावजयीनं पाण्याची नळीसुद्धा हातात आणून दिली. हायड्रानं डबा उचलला, माझा जीव त्याच्याबरोबर वर लोंबकळला, आणि डबा दगडांवर टेकला. दार धड उघडलं. समोर स्वयंपाकघराची खिडकी. इतक्या जवळ की आतली फोडणी माझ्या डोळ्यांत. मी कपाळावर हात मारून घेतला.

आठ दिवसांसाठी म्हणून ठेवला खरा, पण रिकामा कसा ठेवायचा? यवतहून वेल्डिंगवाला आणला. या डब्यांची मूळची दारं बाहेरूनच बंद होतात, आतून काहीच नसतं. माल आतून कडी लावत नाही ना. त्याला म्हटलं, बाजूला माणसाचं दार काढ, खिडकी नंतर, आधी आतली कडी. त्यानं चांगली जाडजूड बसवली. पहिल्या दिवशी ती लावून मी आत बसले आणि रडले. कशासाठी, ते धड सांगता येणार नाही. कुणी विचारायला नव्हतं, म्हणूनच बहुतेक.

पण मन तिथं थाऱ्यावर नव्हतं. बाहेर आईचा खोकला, बादलीचा आवाज, दूधवाल्याची हाक. कंपनीतून आलं की मी आधी कोपऱ्यावर जायची, मुरमावर पाय दाबून बघायची. भावाशी जेवढ्यास तेवढं. मग एका रविवारी पाय अजिबात रुतला नाही. भाऊ केडगावला गेला होता. आई पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसलेली. भावजय बाहेर भांडी घासत होती. मी जाता जाता तिला म्हणाले, "वाळली बघ जागा. उद्या हायड्रावाल्याला फोन करते."

ती उठली. पदराला हात पुसले, माझ्या मागून डब्यात आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आत येऊन तिनं दार ओढलं आणि कडी लावली. काढली, परत लावली. मग खाली बसली, पत्र्याला पाठ टेकवली आणि पाय लांब केले. या घरात मी तिला पाय लांब करून बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"ऑटो मी टाकलं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिशी. तुम्ही हायवेला गेल्याव. आन् बांध बी मीच फोडला, खोऱ्यानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भावाला मी रस्त्यात उभं करून काय काय बोलले होते ते सगळं कानात परत वाजायला लागलं. "मी तुझं काय घोडं मारलं होतं गं?" मी ओरडलेच.

"हळू बोला," ती म्हणाली. घाबरली नव्हती. "तिकडं उसाच्या पल्याड ठिवला असता तर मला कवा यायला मिळालं असतं? घरातनं निघाले की तुमच्या आई इचारत्यात, कुठं निघालीस. हे इचारत्यात. दूधवाला बी इचारतो. हितं कसं, दोन पावलं." तिनं परत कडीकडं बघितलं. "लगीन होऊन आले तवापास्नं मी एकदा बी दिवसाची कडी लावून बसले न्हाई, ताई. रातची लागती ती ह्यांच्या हातची."

सरपण, शेळ्या, तार, न्हाणीचे दगड. मी इकडं नळी घेऊन माझी जागा करत होते, आणि ती तिकडं मुकाट्यानं तिची करत होती. राग गेला नव्हता माझा.

बाहेरून आईची हाक आली. "अगं ए, कुठं गेलीस? चहा ठिव की!"

भावजयीचे पाय आपोआप दुमडायला लागले. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस," मी म्हणाले.

आई चपला घासत दाराशी आली. दार ढकलून बघितलं. कडीनं हूं की चूं केलं नाही. मग पत्र्यावर थाप पडली.

"झोपलीस व्हय गं?"

"व्हय," मी म्हणाले.

आई पुटपुटत परत गेली. मी वळून बघितलं. भावजयीनं पाय पुन्हा लांब केले होते आणि डोळे मिटून घेतले होते.