जिची तेरवी झाली, तिची ओटी

“वसुधाताई, पल्लवीचे बाबा रडले हो! माफी मागून राहिले,” ऋतुजा धावत माझ्या टेबलाशी आली. तिचेही डोळे ओले होते. मागून आलेल्या इन्चार्ज मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली.

माझा जळफळाट झाला. पोलिसांच्या महिला सेलमध्ये मी किती वर्षं समुपदेशक आहे. घरातली भांडणं टेबलावर आणून बोलती करायची, हे आमचं काम. ऋतुजाला येऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या पाठीवर मॅडमनी थाप कधी मारली, मला तरी आठवत नाही.

पल्लवी काटोलजवळच्या गावची. सीताबर्डीत मोबाइलच्या दुकानात कामाला होती. तिथल्याच राहुलशी तिनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. घरून जिवे मारायच्या धमक्या यायला लागल्या, तेव्हा दोघं आमच्याकडे आली. वडिलांनी तर गावात तिची तेरवी घातली होती. पोरगी धडधाकट जिवंत, आणि बापानं डोकं भादरून, भटजी बसवून गावाला जेवू घातलं. तिच्या फोटोला हार घातला.

आता तेच वडील ऋतुजाच्या जॉइंट मीटिंगमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर बसवतो त्या बैठकीत, म्हणत होते, “पोरीले आजच घरी पाठवा. तिची ओटी भरतो, जावयाले कपडे करतो.” सोबत पल्लवीची आई आणि भाऊही आले होते. खाली गाडी उभी होती. पल्लवी हरखून गेली होती. तिला आईसोबत घरी जायचं होतं.

मी मॅडमना बाजूला घेतलं. “तिला जाऊ देऊ नका.”

“काहून? समेट झाला ना.”

“मॅडम, तेरवी रागाच्या भरात होत नाही. आवतण द्यावं लागतं, स्वयंपाकी सांगावा लागतो. ते थंड डोक्यानं केलेलं काम आहे. ज्यांनी तेरवीला एवढा शास्त्रार्थ पाळला, त्यांनी आता तिला परत घरात घ्यायचं तर भटजीला काहीच विचारलं नाही? शुद्धीचा शब्दही नाही?”

मॅडम हसल्या. “केस ऋतुजाची आहे, वसुधाताई. तुम्हाला जळजळ तर नाही ना होऊन राहिली?”

होत होतीच, खोटं कशाला बोलू? ऋतुजाचा समेट फसावा, असं क्षणभर वाटलंही. त्यामुळे माझाच माझ्या शंकेवर विश्वास बसेना. शेवटी म्हटलं, “माझी जळजळ राहू द्या. ओटी इथंच भरू द्या, मग जाऊ दे तिला.”

एवढं मॅडमनी मानलं. शिपाई बर्डीतून खण-नारळ घेऊन आला.

“देवापुढं भराची असते मॅडम,” वडील कुरकुरले. “ऑफिसात काहून?”

“काका, तिच्या फोटोवरचा हार काढला का?” मी विचारलं.

“कधीचाच काढला.”

“मग झालं. ओटी बायकांचं काम. तुम्ही दोघं बाहेर चहा घ्या.”

रीत त्यांना मोडता येईना. वडील आणि भाऊ बाहेर गेले. मी दार लावलं.

आई आल्यापासून पदर तोंडाशी धरून गप्प बसली होती. ती उठली. नारळ पल्लवीच्या पदरात घातला, तांदूळ घातले. कुंकू लावायला वाकली आणि पुटपुटली, “हार नाई काढला वं. काल नवा आणला. घरी येऊ नको.”

“आई, अशी काहून बोलून राहिली?”

“तुया बाबानं अन् भावानं ठरवलं हाय. म्हणते, तेरवी झालेलं माणूस गावात फिरलं, तर देव घर सोडून जाते.”

ऋतुजानं आतून कडी घातली. पल्लवी आईला बिलगून रडायला लागली, तर आईनंच तिच्या तोंडावर हात ठेवला. बाहेर आवाज जायला नको होता.

आई काय बोलली, हे मॅडमनी बाहेर कळू दिलं नाही. पल्लवीच घरी यायला नाही म्हणते, असं त्या दोघांना सांगितलं. आधीच्या धमक्यांवरून तक्रार घेतली आणि नवरा-बायकोला सेफ हाऊसमध्ये हलवलं. आईला मी म्हटलं, “तुम्हीही थांबा. जबाब द्या, तुमची सोय करतो.”

“नाई बाई. मले तिथंच राहाचं हाय,” ती म्हणाली. डोळे पुसून, पदर नीट करून त्याच गाडीत बसून गेली.

पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये मॅडमनी ही केस सगळ्यांना सांगितली. फाईल ऋतुजाची, म्हणून टाळ्याही ऋतुजाला. मीही वाजवल्या, दात आवळून. पल्लवी सुखरूप आहे. अधूनमधून फोन करते, तोही ऋतुजालाच.

मी मात्र आता समेटाच्या बैठकीत घरातल्या बायकांना आधी एकट्या बसवते. देव, जात, रीत, खानदान याबद्दल बाहेर बसलेले पुरुष बोलतच असतात. आमच्या फाईलवर पीडितेचं नाव लिहायला एकच ओळ असते. ती पुरत नाही.