मातीसकट वजन

पातूरचं नाव निघालं की मी विषय बदलतो. घरच्यांना वाटतं, अकोल्याच्या बाजारात इतकी वर्षं काढली, आता अमरावतीत मुलाकडे राहताना जुन्याचा कंटाळा आला असेल. तसं नाही. मला तिथलं एक काम सांगायची लाज वाटत होती.

मी बाजारात मापारी होतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, आकडा मोठ्याने वाचायचा. माल ओला असला, शेंगांना माती असली, की वजनातून घट धरायची. तिला कडता म्हणतात. शेतकरी कुरकुर करायचे, पण मी कडता सोडला नाही.

एकदा सकाळीच पोलिसांचं बोलावणं आलं. पंच म्हणून चला आणि येताना काटा आणा. पातूरजवळ झेंडू आणि भुईमूग पिकवणाऱ्या एका माणसाच्या बांधावर गांजाची झाडं सापडली होती. तो माझ्या ओळखीचा. दरसाल शेंगा माझ्याच काट्यावर आणायचा. झाडं त्याने लावली की नाल्याकाठी आपोआप उगवली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. पण बांध त्याचा होता, आणि त्याची चूक असेल तर तेवढीच होती.

शिपायांनी झाडं मुळासकट उपटली. आदल्या दिवशीच झेंडूला पाणी दिलेलं. काळ्या मातीचे लगदे मुळांना लोंबत होते. तसंच सगळं पोत्यात कोंबून काट्यावर ठेवलं. मी आकडा वाचला: बावीस किलो तीनशे ग्रॅम.

तेव्हा तो माणूस पहिल्यांदा बोलला. पोलिसांशी नाही, माझ्याशी. "मापारी काका, मुळायची माती तं झाडा. माह्या शेंगायले दरसाल कडता धरता, आज काहून नाई?"

फौजदार साहेब हसले. म्हणाले, "माती काय आम्ही घरून आणली? त्याच्याच वावरातली आहे."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मला आजपर्यंत पचलेलं नाही. साहेबांनी कागद पुढे केला आणि मी सही केली.

वीस किलोचा अर्थ मला नंतर कळला, त्याच्या वकिलाकडून. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. मूळ, खोड, चिखल नव्हे. आणि माल वीस किलोच्या वर गेला की तो व्यापारी साठा ठरतो. मग जामीन मिळणं जवळजवळ बंद. माझी नजर काट्यावर मुरलेली. नुसती माती आणि मुळं सहा किलोंच्या खाली नव्हती. म्हणजे त्याला कोठडीत अडकवलं ते गांजाने नाही, त्याच्याच शेताच्या चिखलाने. शेंगांच्या पोत्यात मूठभर माती दिसली तर डोळे वटारणारी आमची व्यवस्था माणसाला आत टाकताना माती तोलून घेते, आणि त्यावर सरकारी शिक्का मारते!

तरी मला सुधारायची संधी मिळाली होती. कोर्टात वकिलाने सरळ विचारलं, मुळांना माती होती का? समोर तो उभा होता, दाढी वाढलेली, माझ्याकडे बघत. खरं सांगितलं तर आपल्याच सहीवर प्रश्न येईल, पेन्शनीला आलेल्या वयात चौकशी मागे लागेल, अशी भीती वाटली. मी म्हणालो, "आठवत नाही."

तीन वर्षांनी तो सुटला. माझ्यामुळे नाही, नमुन्यांच्या सीलचा घोळ निघाला म्हणून. तोवर त्याच्या मुलीने नर्सिंगचं शिक्षण सोडलं होतं. झेंडू थांबत नाही, रोज तोडावा लागतो, आणि बापाच्या जागी ती तोडत होती.

गेल्या वर्षी मी बडनेऱ्याहून गाडी धरली, अकोल्याहून एसटी, आणि त्याच्या घरी गेलो. तो अंगणात फुलं निवडत होता. केस पांढरे झालेले. मला ओळखलं.

"मापारी काका, इकडं कुठं?"

मी म्हणालो, टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला आलोय. त्याने फुलं बाजूला सारली. मग मुलीला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, माझ्या गुडघ्यांचं झालं. निघताना त्याने पिशवीभर फुलं हातात दिली. "देवीले वाहा मंग," म्हणाला. त्याला सगळं कळत होतं, अशी मला शंका आहे. मी ती फुलं घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी, खरोखर टेकडी चढलो, कारण निदान तेवढं तरी खोटं ठरू नये.

त्याच्या घरी जाताना वाटेत जे पाठ करत गेलो होतो ते एवढंच होतं: भाऊ, माती मी पाहिली होती. काट्यावर पाहिली आणि कोर्टातही मला आठवत होती. तुझी तीन वर्षं माझ्या सहीने गेली, तुझ्या पोरीचं शिक्षणही. मला माफ कर.