ठोकळेमामांचा पट्टीवाला ठोकळा

आमच्या गल्लीच्या टोकाला वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या मालकाला लहानथोर सगळे ठोकळेमामा म्हणतात. त्यांचं खरं नाव मामींनाही आठवून सांगावं लागत असेल.

मामांकडे मोजायची टेप आहे, पण ती एका कामात एकदाच बाहेर निघते. सुरुवातीला माप घ्यायचं, त्या मापाचा लाकडी ठोकळा कापायचा आणि पुढचं सगळं काम त्या ठोकळ्यावर. का, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘टेप दर वेळी वाचावी लागते आबा. सकाळी वाचणारा माणूस आणि दुपारी दमलेला माणूस एकच नसतो.’’ काम झालं की ठोकळा दुकानाच्या मागच्या भिंतीवर, खिळ्याला. त्यावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. शिंपीणबाईंची खिडकी, दवाखान्याचा जिना, असे दीड-दोनशे तरी असतील. मामी म्हणतात, मला बघायला आले तेव्हा खिशात ठोकळा नव्हता म्हणून लग्न जमलं, नाहीतर मी दोन बोटं कमी भरले असते.

तर आमचं पोरांचं मैदान. मैदान कसलं, दोन घरांएवढा तुकडा. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, झोपाळ्याची नुसती साखळी उरलेली, वाळूत मांजरांचा संसार. दोन ते पाच वर्षांच्या पिल्लांनी जायचं कुठं? आम्ही चार रिकामटेकडे म्हातारे एकत्र आलो आणि माझं घर समोरच म्हणून मला अध्यक्ष केलं. आधी रस्त्याच्या बाजूला कठडा, मग घसरगुंडी आणि झोपाळे. काम अर्थात मामांचं.

कठड्याच्या दोन गजांमध्ये किती फट ठेवायची, ते मामांनी मला जमिनीवर बसवून समजावलं. लहान पोराचं डोकं अंगापेक्षा मोठं. पाय जातात, पोट जातं, खांदे तिरके करून जातात, आणि डोकं अडकतं. म्हणून फट अशी हवी की मुळात अंगच जाता कामा नये. त्या मापाचा ठोकळा त्यांनी कापला, कडा घासल्या, माझ्या हातात दिला. मी तो खिशात घालून गल्लीभर दाखवत हिंडलो.

रविवारी पोरांना आत सोडायचं, असं मीच घरोघरी सांगून आलो होतो. शुक्रवारी कळलं, गज सत्तर हवेत आणि आलेत साठ. बाकीचे मंगळवारी. मामा म्हणाले, मग मंगळवारनंतर. मला ते कसं झेपावं? आमच्या गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला पावलांनी ओसरी मोजायला लावायचे. प्रत्येकाचं उत्तर वेगळं यायचं आणि गुरुजी सगळ्यांना बरोबर देऊन टाकायचे. त्या हिशेबात वाढलेला मी. म्हटलं, ‘‘मामा, प्रत्येक फटीत एक बोट वाढवा. साठात बसेल. एका बोटाने काय होतंय?’’

ते गज मोजत राहिले. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा वडीलकीचा आवाज काढला. तेव्हा त्यांनी बोटभर जाडीची एक लाकडी पट्टी घेतली, ठोकळ्याच्या बाजूला दोन खिळ्यांनी ठोकली आणि माझ्याकडे न बघता कामाला लागले.

रविवार झकास झाला. सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या कंपाउंडरची दोन वर्षांची नात चेंडूमागे कठड्यापाशी आडवी झाली आणि पायांकडून दोन गजांमधून रस्त्याच्या बाजूला सरकली. पाय गेले, पोट गेलं, खांदेही गेले. डोकं राहिलं. तिची आई तिला दोन्ही हातांनी उचलून धरून बसली होती म्हणून बरं. मामा पाइप घेऊन धावत आले, गज वाकवला, पोर सुटली. एक कान सोलवटला, बाकी काही नाही. पण तिचं रडणं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं.

माणसं जमली, आणि सगळ्यांनी मामांना धरलं. ठोकळे कापत बसता आणि माप चुकवता? मामा मान खाली घालून उभे. मी तीन पावलांवर होतो. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी घरी आलो. जेवलो नाही. नातू म्हणाला, आबा, आज गोष्ट नाही? माझ्याकडे गोष्ट नाही असा दिवस त्याने पाहिलेला नव्हता. खिडकीतून तो वाकवलेला गज दिसत होता, म्हणून मी पडदा ओढला. दोन दिवस तो ओढलेलाच होता.

बुधवारी संध्याकाळी मैदानातच बैठक भरली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, घसरगुंडी आणि झोपाळे दुसऱ्या कारागिराला द्या. बऱ्याच माना हलल्या. ही गल्ली मामांना काम देणार नसेल तर शेजारची कशाला देईल? आता अध्यक्षांनी बोलायचं होतं. मी उठलो. गज कमी पडल्यापासून त्या पट्टीपर्यंत सगळं सांगितलं.

कंपाउंडरच्या सुनेने, त्या पोरीच्या आईने, शांतपणे विचारलं, ‘‘आबा, सोमवारी तुम्ही इथंच उभे होतात ना?’’

‘‘होतो,’’ मी म्हटलं.

मामा मागून म्हणाले, ‘‘पट्टी मी ठोकली. आबांच्या हातात हातोडी नव्हती.’’

काम मामांकडेच राहिलं. बालवाडीच्या बाईंनीच ते सुचवलं. साठच्या साठ गज कापून काढले आणि सत्तर नव्याने लावले. मामांनी जुना ठोकळा वापरला नाही, नवा कापला, आणि प्रत्येक फटीत तो धरायला मला बसवलं. दोन दिवस मी उकिडवा बसून होतो. माझी सून तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. तिची पोरगी कंपाउंडरच्या नातीएवढीच आहे.

काम संपल्यावर दुकानात गेलो. नवा ठोकळा भिंतीवर लागला होता. शेजारच्या खिळ्याला तो पट्टीवालाही होता. त्यावर मैदानाचं नाव नव्हतं. मामांनी तिथं स्वतःचं नाव लिहिलं होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा वाचलं.

त्या नावाखाली जागा होती. मी पेन्सिल मागितली. मामांनी कानावरची काढून दिली.