हळदीच्या गाण्यातली माणसं

नातीला हळद लावताना तो ओला वास आला आणि पोशीर गावातला एक लग्नाचा मांडव आठवला. तेव्हा मी मुंबईत रेकॉर्डिंगला मेंडोलिन वाजवायचो आणि मी संगीत दिलेलं पहिलं गाणं नुकतंच रेकॉर्डवर आलं होतं. चाल मावशीच्या हळदीच्या गाण्याची होती. ती त्यात मांडवातल्या एकेकीचं नाव गुंफायची. जिचं नाव सुटलं ती बाई रुसायची. रेकॉर्ड तीन मिनिटांची, म्हणून मी सगळी नावं गाळली.

मांडवात कर्ण्यावर गाणं लागलं. मावशी हळदीचे हात तसेच धरून ऐकत राहिली.

"चाल माजीच हाय रं," ती म्हणाली. "पन मानसं कुटं गेली?"

"तेवढी बसत नाय गं त्यात," म्हणून मी हसलो.

ती रेकॉर्ड अजून जपून ठेवलीय. तिच्यावर चालीपुढे एकच नाव आहे, माझं.